गुरुवारचा ओव्हरटाइम

मंदाताई, तुझ्या दशक्रियेला नदीच्या घाटावर मंडप होता आणि माइकही होता. प्रवचन संपल्यावर एकेक जण श्रद्धांजली वाहायला उठला. तुझ्या भावकीतले एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ म्हणाले, "मंदावहिनींनी पोरीच्या शिक्षणापायी हाडाची काडं केली. गुरुवारी सगळी कंपनी सुट्टीवर, पन आमच्या वहिनी गुरुवारीबी ओव्हरटाइमला. एक दिवस त्या बाईनं इसावा घेतला न्हाई." बायकांमधून हुंदके आले. मी ओढणीत तोंड लपवलं. लोकांना वाटलं, कंपनीतली मैत्रीण रडतेय. रडत होतेच गं. पण त्याच वेळी मला पाचगणीच्या स्टँडवर, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून, भाजलेलं कणीस खात बसलेली तू दिसलीस. तोही गुरुवारच होता. भलत्या जागी हसू फुटायची वेळ आली होती माझ्यावर.

ते हसू प्रणालीने घालवलं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, आईला मी मारलं. माझ्या फीसाठी ती गुरुवारीपण जायची. मी आता कॉलेजला जाणार नाही. तुमच्या लाइनवर आईच्या जागी मला लावून घ्या." तुझी लेक, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, हे अगदी शांतपणे बोलत होती. रडत असती तर मी समजूत घातली असती. ती ठरवून बोलत होती.

आणि मला तर तू शपथ घातलेली. घरी कळता कामा नये, जीव गेला तरी. हे आपण एस.टी.त हसत हसत म्हणायचो. आता जीव गेला आणि शपथ माझ्या एकटीच्या गळ्यात राहिली.

तुझी चूक काय होती, सांग बरं? काहीच नव्हती, असं मी अजूनही म्हणते. आपण दोघी चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या बायका. उभं राहून, मान खाली घालून, लाल वायर लालला, पिवळी पिवळीला. मी दापोडीहून कंपनीच्या बसने यायची, तू शेजारच्या गावातून चालत. एकदा जेवणाच्या सुट्टीत तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "शोभे, आमच्या शेताच्या बांधावर हुबं ऱ्हायलं की डोंगर दिसायचं. आता शेड दिसत्यात. ज्या गावाचं डोंगर अजून जागेवर हायत, तसलं गाव बघावं वाटतं." मी म्हटलं, मग बघूया की. एवढंच. बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं तेव्हाची गोष्ट. आपलं गाडं निघालं ते थांबलंच नाही.

घरी काय सांगायचं, हे तूच ठरवलंस. नवरा जाऊन किती वर्षं झालेली, पण विधवा सून सुट्टीच्या दिवशी हिंडायला जाते म्हटल्यावर भावकीने काय काय जोडलं असतं ते तुला पाठ होतं. म्हणून ओव्हरटाइम. गुरुवारी तू घरातून डबा, ॲप्रन, ओळखपत्र घेऊन रीतसर निघायचीस. नाक्यावर आलीस की ॲप्रन पिशवीत जायचा आणि पिशवीतून स्वेटर बाहेर यायचा. ओळखपत्र काढायचं मात्र तू नेहमी विसरायचीस. पाचगणीच्या कणीसवाल्याने विचारलं होतं, "कंपनीची ट्रिप वाटतं?" तू तोंडातलं न गिळताच म्हणालीस, "व्हय, बाकीच्या मागनं येत्यात." त्या बिचाऱ्याने बाकीच्यांसाठी कणसं वेगळी काढून ठेवली, आणि आपल्याला तिथून पळ काढावा लागला.

राजूर, भोर, मेढा, वेल्हे, माथेरान. लोक तिथे पॉइंट बघायला जातात, किल्ला बघायला जातात. तू गाव बघायला जायचीस. आणि गाव बघायची तुझी एक रीतच होती. चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना तू कधी विचारायची नाहीस. "जो गावात जल्माला आला त्याला काय म्हाईत असतंय? त्याची आळी अन् त्याचं शेत. सून बाहेरनं येती. तिला समदं शिकावं लागतं. कुटलं पानी कधी भरायचं, कुनाच्या दारावरनं जायचं, कुनाच्या न्हाई. गावाचा इतिहास सुनंला इचारावा." असं म्हणून तू सरळ एखाद्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईसमोर बसकण मारायचीस आणि तिच्या सुपात हात घालायचीस. दोन मिनिटांत ती तुझी जन्माची मैत्रीण.

राजूरला त्या बांगड्यांच्या दुकानातल्या आजीने सांगितलेलं मला अजून आठवतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटा पाठ होईनात, म्हणून सासूने तिला वासावरून बाजारपेठ शिकवली. हिरड्याचा उग्र वास आला की इथे वळ, नव्या तांदळाचा आला की तिथे, कातड्याचा आला की फार पुढे आलीस, माघारी फिर. तू डोळे मिटून त्या पेठेतून चालायला लागलीस आणि एका मोटारसायकलवर धडकता धडकता वाचलीस. "आता समदीकडं पेट्रोलचाच वास येतुया," म्हणालीस.

माथेरानला तर कहर. सगळी दुनिया घोड्यावर बसून कड्याकडे चाललेली, आणि तू पायथ्याच्या वाडीतून भाजी घेऊन चढून आलेल्या बायकांच्या मागे लागलीस. मोकळ्या पाट्या घेऊन त्या परत निघाल्या तेव्हा आपणही त्यांच्याबरोबर त्यांच्या पायवाटेने उतरलो. माझे गुडघे बोलायला लागले होते. त्या बायका चालता चालता एकेका कड्याचं नाव सांगत होत्या. फलकावर लिहिलेलं इंग्रज साहेबाचं नाव नव्हे, त्यांचं. एकीची चुलती ज्या कड्यावर गवत कापताना घसरली, त्याला तिच्याच नावाने हाक मारतात. तू तिथे थांबून हात जोडलेस. मी तेव्हा तुला हसले होते, म्हटलं, ओळख ना पाळख, हात कसले जोडतेस? तू म्हणालीस, "नाव कळालं न्हवं? झाली वळख."

आपलं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून व्हायचं, आणि ते तसंच अर्धं राहिलं. तू सुनांना विचारायचीस. मी म्हणायची, मंदाताई, तुझ्या सुना वरच्या आळीच्या. गावाच्या खालच्या अंगाला जा, आमच्या लोकांच्या वस्तीत, निळ्या झेंड्याखाली बस आणि मग विचार. वरची आळी जे विसरली आहे ते खाली सगळ्यांना आठवतं. तू म्हणायचीस, चल की मग. आणि यायचीस, हे मला मान्य केलं पाहिजे. चहा प्यायचीस, मांडीवर पोरं घ्यायचीस. तुझ्या वागण्यात मला कधी खोट सापडली नाही, आणि मी शोधायला कमी केलं नव्हतं.

पण ती विहीर. घाटमाथ्यावरचं ते गाव, नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. वरच्या आळीतल्या सुनेने सांगितलं, ही दगडी विहीर पूर्वी कुणा दानशूर सावकाराने बांधली, गावाची तहान भागवली. मग आपण खाली गेलो. तिथल्या बाईने सांगितलं, विहीर आमच्या पणज्यांनी खोदली, दगड आमच्या माणसांनी वाहिले, आणि पाणी लागलं त्या दिवसापासून आम्हाला पायरी उतरायची बंदी झाली. परतीच्या गाडीत तू म्हणालीस, "दोनी खरं असंल गं. बांधली त्यानं, खांदली यांनी." मी चिडले. म्हटलं, दोन्ही खरं कसं असेल? एकाने पाणी प्यायलं, एकाने नाही. यात बरोबरी कुठून आली? नारायणगाव गेलं, मंचर गेलं. चाकण यायच्या सुमाराला तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "आमच्या गावातबी तसलीच हीर हुती." मी विचारलं, कुठे आहे? "हाय की. कंपनीच्या कंपाउंडात. बुजवली." आणि उतरून गेलीस.

त्यानंतर मी तुझ्यामागे लागले होते, आठवतं? इतकी गावं पाहिली, आता तुझं दाखव. तू उडवून लावायचीस. "काय बघतीस तितं? पार्किंग?" मी हसण्यावारी न्यायची, पण मनात काय समजायचं ते समजून बसले होते. दापोडीची बौद्ध मैत्रीण एस.टी.त चालते, घरात नको. तसं असेल तर तसं, म्हटलं. तुला विचारलं मात्र कधी नाही. आता वाटतं, गुपित फुटेल म्हणून तू मला घरापासून लांब ठेवलंस असेल. की दुसऱ्या कारणाने? की दोन्ही थोडं थोडं? विचारायला पाहिजे होतं. तू खरं सांगितलं असतंस. तुझ्याकडून वाईट उत्तर ऐकायलाही मला चाललं असतं, हे आज कळतंय.

प्रणाली दशक्रियेनंतर काही दिवसांनी कंपनीत आली, तुझं लॉकर रिकामं करायला. एचआरला भेटून आली होती, तिला खरंच तुझ्या जागेवर घेणार होते. लॉकरमध्ये ॲप्रन, कंगवा आणि तो करड्या रंगाचा स्वेटर. तिने स्वेटर हातात धरला आणि मला विचारलं, "मावशी, लाइनवर एवढी थंडी असते?" बाहेर उन्हाने पत्रे तापले होते. मी हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. स्वेटर घेऊन ती घरी गेली असती, दुसऱ्या दिवशी ॲप्रन चढवून लाल वायर लालला जोडायला उभी राहिली असती, आणि आईने माझ्यासाठी जीव जाळला हे ओझं घेऊन उभीच राहिली असती.

मी सांगितलं. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून सगळं सांगितलं. राजूर, माथेरान, कणीस, सगळं. मला वाटलं होतं, पोरीच्या डोक्यावरचा भार उतरेल, ती रडेल, मला मिठी मारेल. मी मूर्ख. तिचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हणजे दर गुरुवारी आई मजा करायला जायची आणि मी इकडे तिच्या काळजीने रडत अभ्यास करत होते? मला एकदा न्यावंसं वाटलं नाही तिला?" मी म्हटलं, अगं, तुझी कॉलेजं, तुझ्या परीक्षा. ती म्हणाली, "विचारलं तर असतं." चहा तसाच ठेवून ती निघून गेली. मंदाताई, मी त्या दिवशी तुझा जीव दुसऱ्यांदा घालवला असं मला वाटलं. भावकीच्या नजरेत तुझं जे काही होतं ते होतं, लेकीच्या नजरेतूनही मी तुला उतरवलं. बसमध्ये दापोडीपर्यंत मी तुला शिव्या दिल्या. शपथ घालून गेलीस म्हणून, आणि मुळात गेलीस म्हणून.

मग परवा फोन आला. प्रणालीचाच. "मावशी, आजी बोलावतेय. घरी या."

तुझ्या गावात मी अशी गेले. तुझं घर बघितलं. तीन मजले, खाली भाड्याच्या खोल्या, दोऱ्यांवर परगावच्या पोरांचे कंपनीचे युनिफॉर्म वाळत घातलेले, समोर शेडची भिंत. पार्किंगही होतं, तू म्हणालीस तसं. तुझ्या सासूबाई कॉटवर बसल्या होत्या. चहा आला. सगळ्यांचे कप एकसारखे आहेत का, ते मी पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी पाहिलं. एकसारखे होते.

प्रणालीने घरी येऊन आजीपुढे सगळं ओकलं होतं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या काय, तर, "मला म्हाईत हुतं." त्या माझ्यासमोर पुन्हा तेच म्हणाल्या. "ओव्हरटाइमहून येनारी बाई दमल्याली असती. ही गुरुवारी यायची ती ताजी हून. पायाला लाल माती. मी काय आंधळी हाय व्हय?"

मी विचारलं, "मग त्या दिवशी माइकवर ते बोलले, तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हनू? म्याच सांगितलं हुतं त्याला, आसं बोल म्हनून. गावाला कळालं असतं तर मेल्यावबी तिला नावं ठिवली असती. मानूस गेलं, निदान नाव तरी नीट जाऊ दे."

प्रणाली खाली बघत होती. मग सासूबाईंचा आवाज बदलला. इतका वेळ त्या तुझी बाजू घेत होत्या, आता तुझ्यावर रागावल्या. "पन एक सांगते. गावोगावच्या सुनांना इचारीत हिंडली म्हनं. मी बी सूनच हाय की या घरची. मी आंबेगावची. घाटातली. माझ्यापशी कधी बसली न्हाई. मला म्हनायची, आत्याबाई, गोळी घेतली का?"

मंदाताई, आंबेगाव. डिंभ्याच्या धरणाखाली गेलेलं. भीमाशंकरला जाताना आपण त्या पाण्याच्या कडेने गेलो होतो, गाडी थांबली तेव्हा उतरून पाण्याकडे बघत शेंगा खाल्ल्या होत्या. तुला ठाऊक होतं, सासूचं माहेर ते. तू म्हणालीही होतीस, आत्याबाईंचं गाव याच्या खाली हाय. आणि शेंगांची फोलपटं झटकून आपण गाडीत बसलो. ज्या डोंगरातल्या गावाला आता कुठलीच एस.टी. जात नाही, ते तुझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत बसलं होतं. तुला मी काय बोलू? माझी आई दापोडीच्या घरात वारली तेव्हा तिच्या माहेरच्या गावात नदी होती की ओढा, हेही मला माहीत नव्हतं.

प्रणालीच म्हणाली, "आजी, आता सांग ना. कसं होतं?"

त्यांनी पाय वर घेतले, चादर हाताने सारखी केली आणि त्या चादरीवरच बोटाने गाव मांडायला लागल्या. नदीकडनं वर चढलं की ही पेठ. हे वाण्याचं दुकान, इथं हिरडा तोलायचा. हे देऊळ. ही आमची आळी. इथं पाटी ठेवून आमी पोरी बसायचो. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, त्यांच्या भावाने मात्र दार लावून कडी घातली आणि मग निघाला. "कडी कशाला घातली, कोन जानार हुतं आत?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. प्रणाली त्यांच्या पायाशी सरकली होती. ती कॉलेजला जायला लागली आहे, हे तुला सांगायचं राहिलं. राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल, पोर तुझीच आहे.

मग मला राहवलं नाही. तुला माहीत आहे, मला राहवत नाही. मी विचारलं, "आजी, आणि आमची वस्ती? आमचे लोक कुठे राहायचे तिथे?"

त्यांचं बोट चादरीवर थांबलं. मला वाटलं, झालं, आता पंखा कमी कर म्हणतील, गोळी आठवेल. त्यांनी बोट सावकाश खाली ओढलं, पेठेच्या खाली, देवळाच्या खाली, अगदी चादरीच्या काठापर्यंत.

"हितं," त्या म्हणाल्या. "नदीच्या अंगाला. पानी पयलं हितं चढलं. आमी वरनं बघत हुतो." बोट तिथंच ठेवून म्हणाल्या, "त्यांच्यातली माझ्याबरोबरची एक पोरगी हुती. कुटं गेली, कधी इचारलं न्हाई. नाव म्हाईत हाय मला. समद्यांची हायत." आणि त्या एकेका घराचं नाव घ्यायला लागल्या.

इतक्या गावांत, कुणी असं काही बोललं की मी आधी तुझ्याकडे बघायची. ऐकलंस का, म्हणून. तू भुवई उडवायचीस आणि मग आपण गाडीत भांडायचो. मी वळून बघितलं गं, मंदाताई. तुझ्या दशक्रियेला मी रडले ते लोकांबरोबर. या वेळी शेजारची जागा रिकामी दिसली, आणि तू गेलीस हे मला तेव्हा कळलं.